भारंभार गूळ

हवल्ली, कुवेत
शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४

बाबा,

आधी नमस्कार, भांडण मागाहून.

चतुर्थी होऊन आठवडा झाला. मी रोज फोन लावतो, तुम्ही रोज कापता. काल तर उचललात, माझा आवाज ऐकलात, "राँग नंबर" म्हणालात आणि ठेवलात. बापाला पोरगा राँग नंबर, ही नवीनच तऱ्हा. म्हणून कागद घेतला. हे पत्र झहूर आणून देईल. झहूर आपल्याच खाडीपलीकडचा, राजापूर तालुक्यातला. आमच्या बिल्डिंगखाली त्याचा बकाला आहे, म्हणजे किराण्याचं दुकान. पत्र फाडायचं असेल तर त्याच्यासमोर फाडू नका. तो फार मनाला लावून घेतो.

चतुर्थीला आलो नाही ही चूक झाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच झाली. सुट्टी मिळाली नाही असं मी रेखाकाकीला सांगितलं होतं. ते तुम्हाला पटलेलं नाही हे मला ठाऊक आहे, कारण चाकरमान्याला चतुर्थीची सुट्टी मिळत नाही यावर कोकणात गणपतीसुद्धा विश्वास ठेवत नाही.

आणि मग तो व्हिडिओ कॉल. ऐन आरतीत काकीने मोबाईल तुमच्यासमोर धरला. तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, "ह्यो कोण?" काकी म्हणाली, "भावजी, आपलो सत्यवान." तुम्ही म्हणालात, "मग बाकीचो सत्यवान खंय गेलो?" आणि टाळ एवढ्या जोरात कुटायला लागलात की मला इथे पुढचं काही ऐकू आलं नाही.

तर बाबा, बाकीचा सत्यवान चालण्यात गेला. बनेद अल-गारला समुद्राच्या कडेने मी रोज संध्याकाळी चालतो. इथल्या उन्हाळ्यात संध्याकाळी चालणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर मी. शिवाय खाणं थोडं कमी केलंय. भात चार चमचे. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं, तेही घोट घोट. चिकनचा तुकडा इतका चावायचा की आधी काय बोलत होतो तेच विसरायला होतं. हे सगळं माझं मीच ठरवलं. कोणी सांगितलेलं नाही. हॉस्पिटलचा तर प्रश्नच येत नाही.

दुसरी बातमी अशी की माझं लग्न जमलं. बसा, उभ्याने वाचू नका. मुलीचं नाव उल्का. नांदेडकडची आहे, इथे नर्स आहे. ओळख अशीच कामानिमित्त झाली. मी झोपलो होतो, डोळे उघडले तर ती समोर उभी. म्हणजे कंपनीच्या बसमध्ये. बोलायला फटकळ आहे, तुमचं तिच्याशी चांगलं जमेल. छत्तीस वर्षांच्या घोड्याला कोणी हो म्हटलं, यात आनंद माना आणि फोन उचला.

झहूरबरोबर खजूर आहेत, गुडघ्याला लावायचं मलम आहे आणि माझी एक जुनी पँट आहे. तिच्यात काकीच्या गोधडीचं अख्खं कापड निघेल. झहूरला जेवायला घाला, पण जास्त प्रश्न विचारू नका. प्रवासाने थकलेला असेल.

उत्तर पाठवा. नाही तर निदान रोज राँग नंबर म्हणत जा, आवाज तरी ऐकू येतो.

तुमचा
सत्यवान

हवल्ली
शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०२४

बाबा,

झहूर परत आला. आल्या आल्या बकाल्याच्या मागच्या बाजूला जाऊन लपला, तेव्हाच मी ओळखलं.

मी त्याला दोष देत नाही. तो सांगतो, पहिल्या ताटापर्यंत तो पक्का होता. मग तुम्ही बांगड्याचं तिखलं वाढलंत. "सत्यवानभाई, मैंने कसम खाई थी," म्हणाला, "पर तुमच्या बाबांनी तिखलं खिलवलं तेव्हा कसम पोटात गेली आणि बात बाहेर आली." तुमच्या तिखल्यापुढे भले भले विरघळले, हा तर साधा बकालेवाला. आता तुम्हाला सगळं कळलंच आहे, तर माझ्याकडूनही ऐका. निदान तपशील तरी बरोबर कळेल.

होय, मी ऑपरेशन केलं. मार्चमध्ये. पोटाचा बराचसा भाग काढून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं. वेलची केळं नव्हे, साधं. झहूरने तुम्हाला "पोट काढून टाकलं" असं सांगितलं म्हणे, ते खोटं आहे. पोट आहे. छोटं आहे.

तुम्ही त्याच्याबरोबर निरोप पाठवलात, "खानावळवाल्याच्या झिलान पॉट कापून घेतल्यान, आता मी पाटी उतरवू?" बाबा, हा निरोप ऐकून मी अर्धा तास जिन्यात बसून होतो. पाटी उतरवू नका. तुमच्या हातात दोष असता तर मी एवढा वाढलोच नसतो. बंदरावर लाँचमधून उतरलेला माणूस गल्ल्यावर मला बसलेला बघायचा आणि विचारपूस न करता आत शिरायचा. तुम्हीच म्हणायचात, बोर्ड कशाला रंगवायचा, आपलो सत्यवान हा. काजूवाल्याच्या काट्यावर मला उभं करून एकशे एक्केचाळीस आकडा तुम्ही सबंध बंदराला ओरडून सांगितला होतात. शाळेत माझा नंबर आला असता तरी एवढं ओरडला नसतात.

पण तो आकडा इथे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत चालेना. माझं काम वरचं. उंच टाकीवर चढून मीटर तपासायचे. चढताना कमरेला पट्टा बांधतात, पडलो तर तो धरतो. त्या पट्ट्यावर लिहिलेलं असतं किती वजनापर्यंत धरेल, आणि मी त्याच्या पलीकडे गेलो होतो. सेफ्टीवाला ओवैस माझा मित्र, त्याने दोन वर्षं आकड्याकडे काणाडोळा केला. एक दिवस मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, स्वतः खाली उभा होता. त्याने सगळ्यांसमोर मला शिडीवरून उतरवलं आणि ऑफिसात खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीपण हँडलची होती, मी मावेना, मग बिनहँडलची आणली. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री झोपेत माझा श्वास थांबायचा, तो प्रकार वेगळाच. घोरणं बंद पडलं की खोलीतला नबील उठून मला लाथ मारायचा. त्या लाथांवर मी वर्षभर जगलो. डॉक्टर म्हणाले, लाथ मारणारा सुट्टीवर गेला तर काय कराल?

आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "घराक ये, पेज खा, बरो होशीत." मी आलो असतो. आणि पेजेबरोबर चार वडे पण खाल्ले असते.

उल्का त्याच वॉर्डातली नर्स. बसमध्ये भेटली नव्हती. मी शुद्धीवर आलो आणि पहिलं काय विचारलं असेन तर "सोलकढी आहे का?" ती म्हणाली, "उठल्या उठल्या कढी मागायलास? तुझं काही खरं नाही." तिथून सुरुवात झाली. मला एकशे एक्केचाळिसात बघून हो म्हणणारी ती पहिलीच, म्हणजे तिला फसवलं असं कोणी म्हणू शकत नाही.

तुम्हाला वाटत असेल, पोरगा आता मजेत असेल. ऐका मजा. पोट भरतं, डोकं उपाशी राहतं. मजबूस म्हणून इथे मोठ्या ताटात मसालेभात आणि कोंबडी देतात, ते मी सवयीने अख्खं मागवतो आणि मग तीन घास खाऊन त्याच्याकडे बघत बसतो. वेटर येऊन विचारतो, "काय बिघडलंय?" त्याला काय सांगू, माझंच बिघडलंय. पूर्वी कंटाळा आला की खायचो, राग आला की खायचो, घरची आठवण आली तर विचारूच नका. आता कंटाळा येतो आणि नुसता कंटाळाच येतो. त्याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलंच नाही.

केस मूठभर गळले, आता परत येताहेत. एसीत थंडी वाजते. बसायला मऊ काही उरलेलं नाही, बाकड्यावर बसलो की हाडं बोलतात. दारातून अजून मी आडवा होऊनच जातो. बसमध्ये दोन जागा धरून बसतो आणि शेजारी कोणी बसला की दचकतो. एकदा काचेच्या दारात समोरून येणाऱ्या माणसाला वाट दिली, तोही थांबला. बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांना "आधी तुम्ही" करत होतो. मग कळलं, तो मीच.

झहूरच्या घरी शुक्रवारी बिर्याणी असते. त्याची बायको नूरबानू पूर्वी मला वाढताना दमायची, आता रुसते. त्यांची मुलगी युसरा इथेच वाढलेली, तिला मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "अंकल, हाफ ऑफ यू इज मिसिंग." तुम्ही आणि ती एकाच शाळेत शिकलात का?

आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. माझा पोटोबा तर एवढासा झाला. आता तुमच्याच पाया पडतो, फोन उचला.

सत्यवान

हवल्ली
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

बाबा,

रेखाकाकीचा फोन आला होता. नवसाचं मला तेव्हा कळलं.

तुम्ही सातेरीला बोलला होतात, "माझ्या झिलाचा लगीन जमांदे, तेच्या भारंभार गूळ देतलंय." पाच वर्षं झाली म्हणे. मला कधी सांगितलं नाहीत. दरवर्षी सुट्टीला आलो की तुम्ही मला धरून देवळात न्यायचात आणि देवीपुढे नुसते उभे राहायचात. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून टेकायला थांबता.

आता लग्न जमलं, तर नवस फेडायला हवा. आणि तिथेच गाडी अडली. काकी म्हणाली, मानकऱ्यांचं म्हणणं, "तराजूत बसतलो तोच झील." म्हणजे मी आज जेवढा आहे तेवढा गूळ. तुमचं म्हणणं, "मी नवस बोललंय तेव्हा माझो झील पुरो होतो. पुऱ्याचो नवस अर्ध्यावर फेडूचो नाय." आणि नवस पुरा फेडल्याशिवाय लग्नाला पाऊल उचलणार नाही. आणि बंदरावर लोक काय बोलतात तेही काकीने सांगितलं, की खानावळवाल्याने गूळ वाचवूक झिलाचा पॉट कापल्यान.

हे ऐकून मी आधी हसलो. मग मला एवढा राग आला की काय सांगू. ज्यांनी तुमच्याकडे तिसऱ्यांदा भात मागून घेतला आणि एकदाही तुम्ही "पुरे" म्हणाला नाहीत, ती माणसं हे बोलतात. बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार?

मी इथे सगळ्यांना विचारलं. आमच्या घरात शुक्रवारी यावर बैठक बसली, संसदेत काय बसेल अशी.

ओवैस म्हणाला, खिशात पाने, हातोडे, पक्कड घालून बस, वर कामाचा पट्टा बांध, वजन येईल. मी म्हटलं, देवीला लग्न करायचंय माझं, टाकी तपासायची नाही. झहूर म्हणाला, "मी बसतो तुझ्या मांडीवर, तुमच्या देवीला चालत असेल तर. तसाही माझ्यामुळेच राडा झाला." नूरबानू म्हणाली, "तुम्ही बसलात तर वजन वर जाईल, मग गूळ आणखी आणावा लागेल." झहूर पण अंगाने भरलेला आहे. नबीलने सुचवलं की मी परत खाऊन तेवढा हो, नवस फेड आणि मग पुन्हा कमी हो. त्याला बाहेर काढला.

उल्काने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वजन गेलं ते कुठं गेलं, हे देवीला माहीत असंल की. तिलाच विचारा ना. तुमच्याकडं कौल लावतात म्हणं." नांदेडची पोर, तिला कौल ठाऊक आणि आम्ही कोकणातले हातोडे मोजत बसलो होतो.

तर बाबा, कौल लावा. गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगा. देवी जे सांगेल ते मला मान्य आहे. जुन्या वजनाचा म्हणाली तर जुन्या वजनाचा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगून ठेवतो. उल्का म्हणते, तुझे बाबा नसतील तर मी मांडवात उभी राहणार नाही. मी म्हटलं, ते हट्टी आहेत. ती म्हणाली, "असू दे. माझे वडील असते तर तेही हट्ट करत बसले असते, मला तेवढंसुद्धा मिळालं नाही."

मला तुम्ही लग्नात हवे आहात. गूळ किती, काटा कोणाचा, ते तुम्ही बघा. मला तुम्ही समोर हवे आहात आणि तुमच्या हातचा भात हवा आहे. खाईन तीनच घास, पण तुम्ही वाढलेले खाईन.

तुमचा
सत्यवान

हवल्ली
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

बाबा,

हे पत्र घाईत. नूरबानू तिच्या बहिणीच्या घरच्या लग्नाला उद्या निघतेय, तिच्याबरोबर देतोय.

फेब्रुवारीत मी येणार होतो, देवळात स्वतः बसणार होतो. सुट्टी मंजूर झाली होती. ती रद्द झाली. रिफायनरीचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद ठेवताहेत, अशा वेळी आमच्या खात्यात कोणालाच सोडत नाहीत. यावेळी खरंच मिळाली नाही. चतुर्थीला खोटं बोललो, त्याची शिक्षा आत्ता मिळाली असं समजा.

पण त्यातली चांगली बाजू ऐका. मला परत वर चढवलंय. काल पहिल्यांदा पट्टा बांधून टाकीवर गेलो. पट्ट्याची कडी लागली आणि वर दोन भोकं उरली. ओवैसने खालून अंगठा दाखवला. वरून अख्खी मीना दिसते, जहाजं रांगेत उभी असतात. तेवढ्या उंचीवर मला तुमच्या खानावळीच्या मागच्या दारातून दिसणारी खाडी आठवली. भूक लागली नव्हती, तरी आठवली. पूर्वी असं होत नसे.

आज वजन सत्त्याऐंशी आहे. म्हणजे चोपन्न गेलं. उल्का म्हणते, एक अख्खा माणूस उतरवून ठेवलास तू अंगावरून.

कौलाचं काय झालं? काकी फोनवर "भावजींका विचार" एवढंच म्हणते आणि हसते. तुम्ही काहीतरी करताय एवढं कळतंय. पण मी नसताना गुळाची तुला होणार कशी? तराजूत बसायला माणूस लागतो ना?

राँग नंबरवाल्यांना सांगा, बरोबर नंबर वाट बघतोय.

सत्यवान

खानावळ, बंदर
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद.

तुझी चारही पत्रं मिळाली. फाडली नाहीत. गल्ल्याच्या खणात आहेत. शाळेत शिकवलं तसं लिहितो आहे, चुका काढू नकोस. चौथी नापास माणसाला पत्र लिहायला लावलंस, हीच तुझी शिक्षा समज.

पहिलं पत्र वाचलं तेव्हाच समजलं होतं की तू खोटं बोलतोस. लहानपणीसुद्धा खोटं बोललास की फार बोलायचास. बसमध्ये झोपलेला माणूस डोळे उघडतो तर नर्स समोर, असं कुठे असतं काय? झहूरला बोल लावू नको. त्याला तिखलं मी मुद्दाम वाढलं.

आज सातेरीकडे कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बारा-पाच मानकऱ्यांच्या साक्षीनं, ह्या झिलाचा जो भार परमुलखात गेला तो आधी आणि जो उरला तो मागाहून, अशा दोन वेळांनी तुझो गूळ मान्य असात तर उजवो कौल दी. सगळे म्हणाले, होय म्हाराजा. देवीने बराच वेळ काही दिलं नाही. तीसुद्धा विचारात पडली असणार. अशी तक्रार तिच्याकडे कधी गेली नसेल. मग उजवीकडचं फूल पडलं, होकार आला. मी मागे बघितलं, तर गूळ वाचवला म्हणणारे दोघं तिघं हळूच चपला शोधत होते. त्यांना मी हाताला धरून पुढे बसवलं.

आता प्रश्न पडला, गेलेला भार तराजूत बसणार कसा? मानकरी म्हणाले, दगडाची गोण ठेवा. मी म्हटलं, झिलाच्या बदली दगड ठेवूक तो काय रस्त्यात पडलेलो नाय. मीच बसतंय. आणि बसलो.

काजूवाल्याचाच काटा आणला होता. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. एवढी वर्षं सगळ्या बंदराला जेवायला घातलं आणि मी स्वतः भरलो एकोणपन्नास. सगळा गाव हसला. कोणीतरी म्हणालं, बरा झाला गल्ल्यावर सत्यवान बसायचो, तुका बघून कोण जेवूक इलो असतो? मीही हसलो. तुझ्या चोपन्नाला पाच किलो कमी पडत होते. मी काकीला सांगितलं, घरी जा आणि वडे तळायची कढई घेऊन ये. ती मांडीवर घेऊन बसलो. तुझ्या वजनात तिचा वाटा आहेच, तिने पण नवस फेडायला हवा. काटा सरळ उभा राहिला.

गूळ सगळ्यांना वाटला. चपला शोधणाऱ्यांना मी माझ्या हाताने वाढला आणि त्यांनी पुरे म्हटलं तरी वाढला.

आता एक लिहितो. काकीला लिहायला सांगितलं असतं, पण हे तिला सांगण्यासारखं नाही.

मी रागावलो होतो हे खरं. पण राग नंतरचा. आधी माका भय वाटला. झहूर म्हणाला, झोपेत तुझा श्वास थांबायचा. तू सुट्टीला यायचास तेव्हा मी ते रोज ऐकायचो. तू घोरायचास आणि मध्येच एकदम शांत व्हायचास. मला वाटायचं, पोरगा पोटभर जेवलाय, गाढ झोप लागली. मी खूश व्हायचो, दिवा मालवायचो आणि झोपायचो. त्या नबीलने लाथ मारली ती बापाने मारायला हवी होती. त्याला माझा नमस्कार सांग. त्याला म्हणावं, इथे आलास तर तुझ्याकडून जेवणाचे पैसे घेणार नाही.

झहूर येऊन गेल्यापासून फोन यासाठी उचलत नव्हतो. हे तोंडाने बोलता आलं नसतं.

नूरबानूबरोबर हे पत्र देतो आहे, आणि तिखल्याचा डबा. डबा तिच्या घरचा आहे. त्यातले तीन घास तू खा, चौथा मागू नको. उल्केला सांग, मी हट्टी आहे हे तिने ऐकलंय ते खरं आहे, आणि मांडवात मी तिच्या वडिलांच्या जागीपण बसेन. एकाच दिवशी दोन जागी बसायची आता मला सवय झाली आहे.

बाकीचो सत्यवान खंय गेलो, ते मला कळलं. त्याचा हिशोब देवीकडे झाला. उरलेला वैशाखात घेऊन ये, तराजू थांबवून ठेवला आहे.

बाबा

ता. क. खानावळीच्या पाटीवर "अर्धी थाळी मिळेल" असं रंगवून घेतलं आहे. महिना झाला, बंदरावर एकानेही मागितली नाही. पाटी पुसणार नाही.